काकांच्या निधनवार्तेतल्या फुल्या

४ फेब्रुवारी

पट्टे,

आशीर्वाद शेवटी देईन, राग संपला तर.

सोबत कात्रण ठेवलं आहे. तुझ्याच पेपरातलं. तुझ्या काकांची निधनवार्ता. मजकूर मी सांगितला, दादाने टाइप करून पाठवला. मी सांगितलं होतं, 'पाणीपुरवठा खात्यात व्हॉल्व्हवर नोकरी केली. आयुष्यभर सेक्युलर होते आणि शेवटपर्यंत तसेच राहिले.' आता कात्रण वाच. 'आयुष्यभर ×××××× होते आणि शेवटपर्यंत तसेच राहिले.'

फुल्या! गेलेल्या माणसाच्या निधनवार्तेत फुल्या!

मी चष्मा पुसून पुन्हा वाचलं. तेवढ्यात समोरची आली, हातात तोच पेपर. म्हणाली, "वहिनी, इतकी वर्षं सोसलंत, कधी बोलला नाहीत." मी म्हटलं, काय सोसलं? तर म्हणे, "आता गेल्यावर कशाला बोलायचं. आमचे थोरले दीरही प्यायचे." म्हणजे तिच्या मते फुल्यांच्या खाली बेवडा होता. किराणावाल्याने वेगळंच वाचलं. तो म्हणाला, "काकू, माणूस रंगेल असला तरी मनाने चांगला होता." रंगेल! माझ्याशी बोलायला ज्याला लग्नानंतरचा एक हिवाळा लागला, तो रंगेल! माझ्याकडे गणवेश शिवायला येणाऱ्या मुली मी खोलीत गेले की मशीन जोरात चालवतात. म्हणजे त्यांचंही काहीतरी ठरलेलं आहे.

दादा म्हणतो, आई, सोड ना, लोक विसरतील. मी सोडणार नाही. तू त्याच ऑफिसात बसतेस. ज्या गाढवाने हे केलं ते शोधून काढ आणि तो शब्द पुन्हा छापून आण. नीट, अक्षरांत.

फोन करू नकोस. मला त्यात नीट ऐकू येत नाही आणि तू नुसतं हं हं करतेस.

आत्या

—

९ फेब्रुवारी

प्रिय आत्या,

तू शोधायला सांगितलेलं गाढव मी आहे.

झालं ते असं. आमच्या वेबसाइटवर बातम्यांखाली वाचक प्रतिक्रिया लिहितात. त्यात शिव्या फार असतात. त्या अडवायला मी एक चाळणी बांधली. तिला शब्दांची यादी दिलेली असते. यादीतला शब्द आला की त्याच्या जागी फुल्या पडतात. नवे शब्द यंत्र सुचवतं. एखादा शब्द सतत शिव्यांच्या संगतीत दिसू लागला की यंत्र तो पुढे करतं. माणसंही असंच करतात. पण शेवटचा निर्णय यंत्राचा नसतो. मी बघते आणि मंजूर करते. 'सेक्युलर' यंत्राने पुढे केला, मंजूर मी केला.

मी त्या प्रतिक्रिया वाचल्या होत्या. जवळजवळ प्रत्येक ठिकाणी तो शब्द कुणाच्या तरी अंगावर फेकलेला होता. आधी 'हे', मग 'सेक्युलर', मग जे येतं ते तुला लिहीत नाही. शब्दकोशातला अर्थ मला माहीत आहे. शब्दकोशातला अर्थ धरून कुणीही लिहीत नव्हतं. शब्द ज्या कामाला वापरला जातो त्या कामाने मी तो मोजला. हे मोजमाप बरोबर होतं असं मला आजही वाटतं.

चूक पुढची आहे. निधनवार्ता वाचायला पूर्वी एक गृहस्थ होते. ते निवृत्त झाले आणि ती जागा भरली नाही. त्याऐवजी तो विभाग माझ्या चाळणीला जोडला गेला. मला विचारलं नव्हतं. विचारलं असतं तर नको म्हटलं असतं.

आता दुरुस्ती. काही पर्याय सुचवते. 'समतावादी' चाळणीतून जातो. 'पुरोगामी' यादीत नाही, पण लवकरच येईल असं दिसतं, त्यामुळे नको. 'धर्मनिरपेक्ष' अगदी सुरक्षित आहे. तो कुणी शिवी म्हणून लिहीत नाही, कारण तो कुणी लिहीतच नाही. यातला कुठला चालेल ते कळव, मी छापून आणते.

काकांबद्दल लोक जे बोलले त्याचं मला वाईट वाटलं.

तुझी
पट्टी

—

१३ फेब्रुवारी

पट्टे,

पर्याय! निळं अस्तर संपलं म्हणून गिऱ्हाइकाला तपकिरी दाखवावं तसे शब्द दाखवतेस मला. फूटपट्टी घेऊन घरभर हिंडायचीस म्हणून आम्ही तुला पट्टी म्हणायला लागलो. आता वाटतं, काढून घ्यायला हवी होती ती.

वाईट वाटलं म्हणतेस. वाईट वाटून घेऊ नकोस. ऐक.

तू वाचायला शिकलीस त्या सुट्टीत आमच्याकडे आली होतीस. आमच्या दारावर काळ्या अक्षरांत जे लिहिलं आहे ते तू एकेक अक्षर लावून वाचलंस, आणि तुला वाटलं ते घराचं नाव आहे. घरी गेल्यावर पत्र धाडलंस. पाकिटावर पत्ता काय? 'काका, सेक्युलर, पाण्याच्या टाकीजवळ.' पोस्टमनने बरोबर आणून दिलं. काका जेवताना मधेच आठवून हसायचे. मोठी झाल्यावरही तू तोच पत्ता लिहीत राहिलीस. पण तो शब्द तिथे आला कुठून, हे एकदाही विचारलं नाहीस. बाकी जगातलं सगळं मोजलंस.

दंगल झाली त्या वर्षीची गोष्ट. संचारबंदी होती. काका टाकीवरच राहत होते, मी डबा पोलिसाबरोबर पाठवायची. वरच्या वस्तीतले लोक टाकीवर आले. म्हणाले, खालच्यांची लाईन बंद कर, तडफडू दे. काका म्हणाले, "बंद केली तर दाब वाढून तुमचेच पाईप फुटतील." ही साफ थाप होती, पण ते गेले. कुणीतरी त्यांना शहाणं केलं असणार, कारण ते परत आले. तेव्हा काकांनी खरं काय ते सांगितलं. "लाईन किती इंची आहे ते मला माहीत असतं. तिच्यातून पाणी कोण पितं ते माझ्या नोकरीत येत नाही." एकाने कानाखाली मारली. मग खालच्या वस्तीतले आले. "वरचे आमच्यावर चालून येतात आणि तू त्यांना पाणी सोडतोस?" त्यांनाही तेच उत्तर, आणि त्यांचीही एक कानाखाली. दोन्ही वेळेला जाताना त्यांना जो शब्द ऐकवला, तो हाच. सेक्युलर. म्हणताना तोंड असं करायचे की पायाखाली काही आलंय.

संचारबंदी उठली त्या सकाळी दारावर डांबराने तो लिहिलेला. कुठल्या बाजूने लिहिला ते आम्हाला कधीच कळलं नाही. दोन्हीकडे तोच शब्द होता ना.

मी रॉकेल आणि चिंध्या घेऊन पुसायला बसले. त्यांनी माझा हात धरला. "राहू दे," म्हणाले. "फुकटात पाटी मिळाली." तेव्हापासून दर वर्षी दाराला निळा रंग द्यायचे, आणि तो शब्द सोडून द्यायचे. बारीक ब्रशने, प्रत्येक अक्षराच्या कडेकडेने. दुसऱ्याने कुणी 'सेक्युलरवादी' म्हटलं तर आवडायचं नाही. म्हणायचे, "वादी-बिदी नाही मी. वाद घालायला वेळ कुठे आहे, सातला पाणी सोडायचंय."

दादाला शाळेत 'सेक्युलरचा' म्हणून चिडवायचे. त्याचं दुखणं तिथलं आहे. मला समजतं, पण म्हणून मी ते चालवून घेणार नाही.

मला धर्मनिरपेक्ष नको. तो पुस्तकातला शब्द आहे; त्यासाठी कुणी कानाखाली खाल्लेली नाही. मला दारावरचा शब्द हवा आहे.

आत्या

—

२० फेब्रुवारी

प्रिय आत्या,

मला हे माहीत नव्हतं. मी विचारलं नाही हे खरं आहे.

पत्र मिळालं त्याच दिवशी मी आमच्या प्रमुखांकडे गेले. त्यांना आम्ही पाठीमागे पूर्णविराम म्हणतो, कारण त्यांच्यानंतर वाक्य पुढे जात नाही. त्यांच्या खोलीत खिडकीला पडदा आणि पडद्यामागे भिंत आहे. संभाषण जसंच्या तसं लिहिते.

"हा शब्द शिवी आहे असं तूच ठरवलंस ना?"

"त्याचा वापर तसा होतो, असं म्हटलं होतं."

"मग आता काय झालं?"

"हा वापर तसा नाही. बायको आपल्या नवऱ्याबद्दल लिहिते आहे."

"उद्या कुणी लिहून आणेल, आमचे वडील आयुष्यभर हरामखोर होते. छापायचं?"

"दंगलीत दोन्हीकडच्या लोकांना पाणी दिलं म्हणून त्यांच्या दारावर तसं लिहिलं असेल, तर छापा."

ते हसले. मग म्हणाले, "बाळ, शब्द वाईट नाही गं. वेळ वाईट आहे. तो शब्द आपल्या पेपरात साध्या सरळ अर्थाने दिसला की लोक म्हणतात, हा पेपर त्यांचा. मग फोन येतात." मी विचारलं, त्यांचा म्हणजे कुणाचा? त्यावर पूर्णविराम.

जागेवर येऊन मी यादी पुन्हा पाहिली. 'गद्दार' यादीत नाही. होता, त्यांनीच मला काढायला लावला, कारण तो आमच्या अग्रलेखात येतो, अग्रलेखही आता याच चाळणीतून जातो, आणि तिथे फुल्या पडत होत्या. 'किडे' नाही. 'ठेचा' नाही. माणसांना किडे म्हणून त्यांना ठेचा असं लिहिलं, तर माझी चाळणी ते सगळं सोडते. तुझं वाक्य मात्र अडवते. ही यादी माझी आहे. मी ती रोज बघत होते आणि माझ्या लक्षात आलं नव्हतं.

शेवटी त्यांनी दोन मार्ग दिले. एक, मजकूर असा करायचा: 'ते सर्व धर्मांचा आदर करणारे होते.' दोन, तोच शब्द हवा असेल तर कुटुंबाने लिहून द्यायचं की हा शब्द आम्हाला अपमानास्पद वाटत नाही. दुसरा मार्ग सोपा आहे. सोबतच्या कागदावर सही कर आणि पाठव. बाकीचं मी बघते.

तुझी
पट्टी

—

२४ फेब्रुवारी

पट्टे,

कागद सही न करता परत पाठवते आहे.

तुला अजून समजलं नाही. अपमानास्पद वाटत नाही असं मी कशाला लिहून देऊ? अपमानच होता तो. डांबराने लिहितात ते काय कौतुक असतं? कानाखाली मारली त्यांनी, ती काय शाबासकी होती? त्यांनी तो शिवी म्हणून दिला आणि काकांनी शिवी म्हणूनच ठेवून घेतला. तो पुसला असता तर लिहिणारा जिंकला असता. आता मी म्हटलं की छे, आम्हाला कुठे काय लागलं, तर तो पुन्हा जिंकला.

आणि सर्व धर्मांचा आदर! काकांना कुणाच्याच धर्माबद्दल फारसं प्रेम नव्हतं. दोन्हीकडच्या प्रार्थना त्यांच्या पाणी सोडण्याच्या वेळेला यायच्या आणि दोन्हीवर ते करवादायचे. आदर नव्हता, पट्टे. पाणी होतं. आदर तोंडाने करता येतो. पाण्यासाठी पहाटे उठून लोखंडी चावी फिरवावी लागते.

तुझ्या पूर्णविरामाला सांग, माझा नवरा गेला आहे, त्याची पाटी मी उतरवणार नाही.

आत्या

—

२ मार्च

पट्टे,

हे दुसरं कात्रण. 'शुद्धिपत्र. ते सर्व धर्मांचा आदर करणारे होते. चुकीबद्दल दिलगीर.' खाली 'कुटुंबीय'.

मी पाठवलेलं नाही. तूही पाठवलेलं नसावंस, कारण विचारलं तेव्हा दादा मान खाली घालून चहा ढवळत बसला. साखर कधीच विरघळली होती. म्हणाला, "आई, पेपरच्या ऑफिसातून फोन आला, मी हो म्हटलं. माझी मुलं इथेच वाढायची आहेत." मी म्हटलं, तूही इथेच वाढलास. तो म्हणाला, "म्हणूनच."

समोरची आज पुन्हा आली. म्हणाली, "सर्व धर्मांचा आदर करायचे, म्हणजे पीत नव्हते तर!" तिला वाटतं ही पिण्याची दुरुस्ती आहे.

मी आता थकले आहे. राग आहे, पण तो धरून उभं राहायला गुडघे नाहीत. तू काही करू नकोस. तुझी नोकरी आहे.

आत्या

—

११ मार्च

प्रिय आत्या,

काही करू नकोस असं तू लिहिलंस. मी केलं आहे. क्रमाने सांगते.

यादीतले शब्द घालणं आणि काढणं हे माझं काम आहे. त्याला वेगळी परवानगी लागत नाही. सोमवारी सकाळी मी 'सेक्युलर' काढला, आणि 'किडे', 'ठेचा' आणि 'गद्दार' घातले. मग खाली काउंटरवर जाऊन, कुणीही देतं तशी, निधनवार्ता दिली. ती वाचायला माणूस नाही, हे तुला आधी कळवलं होतंच. चाळणीने ती सोडली. मंगळवारी छापून आली. कात्रण जोडलं आहे, पण इथेही लिहिते, म्हणजे तुला चष्मा पुसावा लागणार नाही.

'यापूर्वी ही वार्ता दोनदा चुकीची छापली गेली. पाणीपुरवठा खात्यातील निवृत्त व्हॉल्व्हमन आयुष्यभर सेक्युलर होते. हा शब्द त्यांना शिवी म्हणून देण्यात आला होता. तो त्यांनी ठेवून घेतला. — पत्नी.'

'पत्नी' लिहिताना तुला विचारलं नाही. तू हो म्हणशील असं गृहीत धरलं. गृहीत धरायला मला आवडत नाही, पण या वेळी पुरावा भरपूर होता.

त्याच दिवशी अग्रलेखात सगळीकडे फुल्या पडल्या. पूर्णविराम ओरडत बाहेर आले. मी त्यांना पहिल्यांदाच उद्गारचिन्हांत बोलताना ऐकलं.

वेबसाइटवर तुझ्या वार्तेखाली प्रतिक्रिया आल्या. तो शब्द यादीत नव्हता, म्हणून त्या उघड्या दिसत होत्या. मी सगळ्या वाचल्या. एकाने लिहिलं, मेला ते बरं झालं. दुसऱ्याने लिहिलं, असल्या सेक्युलरांमुळेच आपले लोक मेले. त्याचे 'आपले' म्हणजे कुठले, हे वाक्यावरून ठरवता येत नाही. वरचे आणि खालचे वेगळे काढून बघायचा मी प्रयत्न केला, येत नाहीत. म्हणजे मी सुरुवातीला केलेलं मोजमाप बरोबर होतं. तो शब्द खरोखरच फेकायला वापरतात. मी फक्त फेकणारे मोजले. ज्याला तो लागला आणि जो जागेवर उभा राहिला, त्याच्यासाठी माझ्या तक्त्यात रकानाच नव्हता. एका प्रतिक्रियेत इतकंच होतं: 'आमच्या नळाला त्या दिवसांत पाणी येत होतं. का ते आज कळलं.' त्यावर लगेच कुणीतरी लिहिलं, 'हा बघा अजून एक सेक्युलर.'

संध्याकाळपर्यंत शब्द यादीत परत गेला आणि वेबसाइटवर काकांच्या नावापुढे पुन्हा फुल्या आल्या. यादी माझ्याकडून काढून घेतली आहे. मला हवामानाच्या तक्त्यावर बसवलं आहे. तिथेही मी बरोबर मोजीन. पण छापलेला पेपर कुणाला परत घेता येत नाही. तो तुमच्या भागात सगळ्या घरांत गेला, समोरचीच्याही.

आत्या, मला राग आला आहे. हे वाक्य मी पहिल्यांदाच लिहिते आहे, त्यामुळे नीट जमलं आहे की नाही सांगता येत नाही. राग त्या लोकांचा आहे, पूर्णविरामांचा आहे, आणि सगळ्यात जास्त त्या दिवसाचा, जेव्हा तो शब्द माझ्यासमोर आला, काकांच्या दारावरून मला तो पाठ होता, आणि तरी मी 'मंजूर' दाबलं.

तुझी
पट्टी

—

१७ मार्च

पट्टे,

आधी आशीर्वाद. घे.

पेपर आला तेव्हा मी तो घेऊन समोरचीकडे गेले आणि मोठ्याने वाचून दाखवला. ती म्हणाली, "म्हणजे दारावर जे आहे ते शिवी होती? आम्हाला वाटायचं तुमचं आडनाव." इतकी वर्षं समोर राहते! तुझ्या एकटीचीच ती चूक नव्हती, एवढं कळलं.

लोक काय लिहितात ते तू कळवलंस. लिहू दे. काका असते तर म्हणाले असते, चला, पाटीवर पुन्हा हात फिरला.

दादाने परवा रंगारी बोलावला होता, दार खरवडून पॉलिश करायला. मी कापड कापायची मोठी कात्री घेऊन उंबऱ्यावर बसले. रंगारी म्हणाला, "आजी, मला फक्त दार करायचंय." मी म्हटलं, मलाही फक्त दारच राखायचंय. तो बिचारा चहा पिऊन गेला. दादा माझ्याशी बोलत नाही. मीही बोलत नाही. पण काल त्याची धाकटी त्या शब्दावरून बोट फिरवत होती आणि मला म्हणाली, "आजी, हे कुणी लिहिलं?" तो आत बसून ऐकत होता. मी तिला सगळं सांगितलं. तो उठून आला नाही आणि थांब असंही म्हणाला नाही.

आणि हो, तुझ्या या पत्राचा पत्ता! नवा पोस्टमन आहे, कोवळा. पाकीट उलटसुलट करत गल्लीभर फिरला म्हणे. शेवटी आमच्या दाराशी थांबून एकदा पाकिटाकडे, एकदा दाराकडे बघून हळूच म्हणाला, "आजी, हे तुम्हाला कुणी त्रास द्यायला पाठवलंय का?" मी म्हटलं, "नाही रे. माझी भाची आहे. तिला पत्ता माहीत आहे."

रंगाची वेळ झाली आहे. माझा हात 'र'च्या शेपटाजवळ थरथरतो. निळा रंग मी आणून ठेवते, तू बारीक ब्रश आण. आणि तुझी ती पट्टीही आण. अक्षरावर एक थेंब निळा गेलेला मला चालणार नाही.

आत्या